शेजारी बसणारा गुरू



येत्या 8 सप्टेंबरला आपण पवित्र मारियेचा जन्मदिन साजरा करणार आहोत. युनेस्कोने 1966 साली ठरवल्याप्रमाणे हाच दिवस जगभर साक्षरता दिन म्हणूनही पाळला जातो. तारखा जुळल्या हा योगायोगच. तरीही आपल्याला तो मोलाचा वाटतो, कारण ख्रिस्ती चित्रकारांनी संत आन्ना आपल्या लेकीला, म्हणजे मारियेला, मांडीवर पुस्तक ठेवून वाचायला शिकवते आहे, असे चित्र शतकानुशतके रंगवले आहे.

आज मिस्सा संपल्यावर हे पत्रक आपल्या हातात पडले. आपल्यातल्या काही जणांनी ते घडी करून पिशवीत ठेवले असेल आणि घरी नातवाकडे दिले असेल. काहींनी 'चष्मा विसरला' असे म्हटले असेल. हे लोक आळशी नाहीत. लहानपणी कुणी भावंडे सांभाळली, कुणी वाडीत पाणी शिंपले, कुणी टोपली घेऊन बाजार गाठला. त्यांच्या कष्टांवर आपली मुले पदवीधर झाली. पण बँकेत पैसे काढताना, इस्पितळात संमतीच्या कागदावर, जमिनीच्या व्यवहारात त्यांना दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून अंगठा टेकवावा लागतो. कागदावर काय लिहिले आहे ते सांगणारा माणूस खरे सांगेलच याची खात्री कोण देणार?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात फिलिप आणि हबशी अधिकारी यांची भेट आहे. राणीचा खजिना सांभाळणारा हा मोठा माणूस रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता. अक्षरे कळत होती, अर्थ कळत नव्हता. फिलिप धावत रथाजवळ गेला आणि कळते का म्हणून त्याने विचारले. कुणी वाट दाखवल्याशिवाय कसे कळणार, असे त्या अधिकाऱ्याने मोकळेपणाने सांगितले आणि फिलिपला वर बोलावले. फिलिप त्याच्या शेजारी बसला. पुढे उभा राहिला नाही, त्याने फळा मागितला नाही, 'इतका मोठा होऊन कळत नाही?' असेही विचारले नाही. त्या माणसाला जे पान अडले होते, तिथूनच त्याने सुरुवात केली. प्रौढांना शिकवण्याची सारी रीत यात आली, असे आम्हांला वाटते.

आपल्याच ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी हे घडले आहे. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने तिथे 8 मार्च 2016 रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या आजी गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारची कामे आटोपल्यावर वर्गात येऊ लागल्या. घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. संत आन्नेचे चित्र इथे उलटे झाले! अंगठ्याच्या जागी स्वतःची सही करता आली, याचा त्या आजींना झालेला आनंद अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचला आहे.

केंद्र शासनाचा 'उल्लास' हा कार्यक्रमही 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी विनामोबदला शिकवावे, ही त्याची पद्धत. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50 गुणांची चाचणी असते. पण चाचणी ही पुढची गोष्ट. आधी कुणीतरी शेजारी जाऊन बसायला हवे.

हे काम करू इच्छिणाऱ्यांना दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शिकणाऱ्याला 'तुम्ही' म्हणा. काका, मावशी, आजी म्हणा. बालवाडीची गाणी त्यांच्यापुढे म्हणू नका. आधी डोळे तपासून घ्या, कारण पुष्कळदा अडचण बुद्धीची नसून चष्म्याच्या नंबराची असते. 'अ आ इ ई'च्या रांगेतूनच गेले पाहिजे असे नाही. त्यांचे स्वतःचे नाव, एसटीची पाटी, विजेचे बिल, औषधाची पट्टी यांपासून आरंभ करा. 'ख्रिस्त' या शब्दात दोन जोडाक्षरे आहेत, तो नंतर घ्या. 'येशू', 'आई', 'मारिया' आधी येतील. आणि 'नमो मारिया' ही प्रार्थना तर त्यांना तोंडपाठ आहे. ती मोठ्या अक्षरांत छापून समोर ठेवा आणि म्हणताना एकेका शब्दाखाली बोट फिरवू द्या. जे ओठांवर आहे तेच कागदावर आहे, हे ज्या क्षणी उमगते त्या क्षणी भीती जाते.

त्या अध्यायात शेवटी फिलिप दिसेनासा होतो आणि तो अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने निघतो. शिकवणाऱ्याची गरज संपली होती. समाजसेवेत आपल्याला हार-तुरे, फोटो आवडतात. या सेवेत ते फारसे मिळणार नाहीत. शिकणाऱ्याचे नाव तर कुठेही जाहीर होता कामा नये, फलकावरही नाही आणि वेदीवरूनही नाही.

आठवड्यातून दोन वेळा, तासभर, एकास एक, असे आम्ही योजले आहे. शिकवू इच्छिणाऱ्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या कार्यालयात नाव द्यावे. शिकू इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात येण्याची गरज नाही. आपल्या विभागातील सिस्टरांच्या किंवा धर्मगुरूंच्या कानावर घातले तरी पुरे, घरी येऊन शिकवता येईल. आणि घरी हे पत्रक आजीला वाचून दाखवणाऱ्या मुलांनो, हा परिच्छेद गाळू नका.