जीर्ण वास्तू भूमिगत का होतात?

प्रवरातीरीचे नेवासे हे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेले गाव. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तेव्हा मध्ययुगीन वस्तीखाली सातवाहनकालीन वस्ती आणि तिच्याही खाली ताम्रपाषाणयुगीन वस्ती आढळली. ही घरे भूमीच्या पोटात कोणी नेली? कोणीच नाही. घरे खाली गेली नाहीत. भूमी वर चढली.

ती कशी चढली, हे साधकाने नीट पाहावे. मातीची भिंत पावसात ढासळे. तो ढिगारा कोणी उचलून नेत नसे. तोच सारखा करून त्यावर नवे घर उभारीत. राख, केर, फुटकी मडकी तेथेच पडत. अशा रीतीने नांदती पांढरी पिढ्यान्‌पिढ्या उंचावत गेली. पुढे गाव ओस पडले की पुराचा गाळ, वाऱ्याची धूळ आणि पालापाचोळा साचे. गांडुळेही खालची माती वर आणून टाकीत. जे उघडे राहिले त्याचे दगड लोकांनी नव्या बांधकामास नेले.

म्हणजे वास्तू दोन प्रकारे झाकली जाते : नांदत असता संचयाने आणि ओस पडल्यावर उपेक्षेने. वासनिकास पहिले भय आहे. प्रपंचातील एकेक वस्तू, एकेक मान-अपमान तो चित्तात साठवीत जातो. भिक्षुकास दुसरे भय आहे. वेष राहतो, परंतु आतील स्मरण ओस पडते. दोघांनाही थर चढताना दिसत नाही, कारण तो एका दिवसात चढत नाही.

नाम, लीला, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण ही नित्याची झाडलोट होय. एका दिवसाची धूळ हाताने पुसली जाते; शंभर वर्षांच्या धुळीला कुदळ लागते.

तथापि एक गोष्ट विसरू नये. पुरलेले घर आपण होऊन वर येत नाही. बाहेरून कोणी तरी येऊन खणावे लागते. जीवावरील अविद्येचा थर तर अनादि आहे. तो जीवाच्या बळाने निघत नाही. परमेश्वरच कृपाळू होऊन ज्ञान देतो, तेव्हा निघतो. आपण नवा थर चढू देऊ नये आणि त्याची वाट पाहावी. झाकले गेले ते नष्ट झाले नाही, एवढा धीर नेवाशाची माती आपणांस देते.