दोरीच्या गाठी

समुद्रावर मैलाचे दगड नसतात. चहूकडे पाणीच पाणी. मग आपण किती वेगाने चाललो आहोत, हे शिडाच्या जहाजावरच्या खलाशांना कळायचं कसं?

त्यांची युक्ती साधी होती. चतकोर भाकरीच्या आकाराची एक लाकडी फळी घ्यायची. तिच्या गोल कडेला शिसं बसवलेलं असे, त्यामुळे ती पाण्यात उभी राही. दोरी बांधून ती जहाजाच्या मागच्या टोकावरून खाली सोडायची. फळी जागच्या जागी तरंगायची, जहाज पुढे जायचं, रिळावरची दोरी सुटत राहायची. त्या दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. एकाने 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दुसऱ्याने बोटांतून सरकणाऱ्या गाठी मोजायच्या. वाळू संपेपर्यंत पाच गाठी गेल्या, तर वेग तासाला पाच सागरी मैल.

गाठ म्हणजे इंग्रजीत नॉट. जहाजांचा आणि विमानांचा वेग आजही नॉटमध्येच सांगतात. एक नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर. त्या फळीला म्हणत लॉग, आणि तिचे आकडे ज्या वहीत उतरवले जात, ती झाली लॉगबुक. लॉग सोडून वेग मोजण्याची ही रीत विल्यम बोर्न यांनी 1574 मध्ये लिहून ठेवली आहे.

जहाजात बसून जहाजाचा वेग कळत नाही. मागे काहीतरी थांबलेलं लागतं. धावणाऱ्याला आपली धावपळ दिसत नाही. ती दिसते ओट्यावर निवांत बसलेल्याला.

पण ती फळी तरी खरोखर थांबलेली असते का? पाण्याला ओढ असेल, तर फळीही वाहते आणि जहाजही. गाठी अगदी बरोबर मोजल्या, तरी ती ओढ दोरीला कळत नाही. म्हणून जाणते खलाशी गाठी मोजून थांबत नसत, रात्री तारेही पाहत.

आपण बरोबरीच्यांकडे पाहून आपली चाल मोजतो. वर्गमित्र कुठे पोचला, शेजाऱ्याने काय घेतलं. तेही आपल्याच प्रवाहात असतात. त्यांच्यावरून कोण पुढे आणि कोण मागे, एवढं समजतं. सगळे मिळून कुठे वाहत चाललो आहोत, ते समजत नाही.

त्यासाठी नजर प्रवाहाबाहेरच्या कशावर तरी ठेवावी लागते. ते काय असावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.