एरर कुणाच्या हाती पडते

चंदीगडच्या आयटी पार्कात माझा कोड तपासणारा एक तरुण सहकारी परवा म्हणाला, "सर, इतने एरर टाइप किसलिए? एक स्ट्रिंग दे दो, जिसे पढ़ना है पढ़ लेगा." बोलण्यात उद्धटपणा नव्हता, हातातलं काम लवकर संपावं एवढीच इच्छा होती. तरीही ते वाक्य मनातून जाईना. एरर वाचणारा माणूसच असणार, हे त्यानं किती सहज धरून चाललं होतं! आमच्या कामात एरर सगळ्यात आधी वाचतो तो दुसरा प्रोग्रॅम.

रस्ट भाषेची ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. अडू शकणारं फंक्शन 'रिझल्ट' परत करतं, आणि त्यात उत्तर तरी असतं किंवा एरर तरी, एवढं ध्यानात असलं की पुरे. एररच्या जागी काय ठेवावं याबद्दल भाषा फारशी सक्ती करत नाही. नुसती स्ट्रिंगही चालते. स्वतःचा प्रकार हवा असेल तर एनम लिहायचा, तो माणसाला वाचता येईल अशा शब्दांत दाखवायची सोय करायची, आणि मुळातलं कारण 'सोर्स'मधून पुढे द्यायचं. 'धिसएरर' हे क्रेट, म्हणजे तयार लायब्ररी, आल्यापासून हे सगळं मोजक्या ओळींत होतं. त्यामुळे वेळ जातो ही तक्रार मला मान्य नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: प्रकार पाडायचे ते कोणत्या रेषांवर?

आमचा प्रोग्रॅम पत्ते वाचतो, आणि या कामासाठी चंदीगडइतकं शिकवणारं शहर शोधून सापडणार नाही. शहर केंद्रशासित, त्याला चिकटलेलं मोहाली पंजाबात, पलीकडचं पंचकुला हरियाणात. मोहालीनं चंदीगडचेच सेक्टर क्रमांक पुढे चालवले, तर पंचकुल्यानं पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. त्यामुळे कुणी नुसतं 'सेक्टर २०' लिहिलं तर ते चूक नाही, अपुरं आहे, कारण सेक्टर २० चंदीगडातही आहे आणि पंचकुल्यातही. 'सेक्टर ७०, चंदीगड' हा पत्ता खरा असतो, पण तो मोहालीचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला. 'सेक्टर ५००' कुठेच नाही. आणि एखाद्या मराठी माणसानं देवनागरी अंकांत १७ लिहिलं तर रस्टचं संख्या वाचणारं फंक्शन अवैध अंक सापडल्याचं सांगून थांबतं, कारण त्याला फक्त रोमन लिपीसोबतचे अंक कळतात. लिहिणाऱ्याचं त्यात काहीही चुकलेलं नसतं.

प्रोग्रॅम या चारही ठिकाणी अडतो. 'सेक्टर अवैध' अशी एकच स्ट्रिंग परत केली तर पुढच्या प्रोग्रॅमला फरक ओळखायला त्या वाक्यातले शब्द चाचपावे लागतात. मग कुणीतरी सद्हेतूनं त्या वाक्याची भाषा सुधारतो आणि दूरच्या भलत्याच फाइलीत काहीतरी मोडतं. कंपायलरला त्याचा पत्ताही लागत नाही. एनम असता तर कंपायलरनंच बोट ठेवलं असतं. स्ट्रिंगवाल्यांशी माझं भांडण इथं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

पण सहकाऱ्यानं जाता जाता आणखी एक प्रश्न टाकला होता: "इन सब पर कोई मॅच करता भी है?" म्हणून मी वापरणारा कोड उघडून बघितला. माझ्या लांबलचक यादीतले बहुतेक प्रकार तिथं एकाच फांदीत कोंबलेले होते. रिकामा मजकूर, फार मोठी संख्या, मधेच आलेलं अक्षर, या सगळ्यांवर इलाज एकच: पत्ता पुन्हा विचारणे. मी नावं दिली होती ती 'का अडलं' याला. वापरणाऱ्याला हवं होतं ते 'आता कोणी काय करायचं'.

हा फरक मनात घोळत असताना आठवलं ते श्रीराम भिकाजी वेलणकरांचं काम. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी असलेल्या या मराठी माणसानं पिनकोडची रचना केली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला. सहा अंकांतला पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाचं टपाल कार्यालय. टपाल पुढे सरकतं तसतसे वेगवेगळे हात त्याला लागतात, आणि प्रत्येक हात आपल्यापुरते अंक वाचून पुढची कृती करतो. चंदीगडचे पिन १६० ने सुरू होतात, पण मोहालीचेही कितीतरी पिन १६० नेच सुरू होतात. पंचकुल्याचे मात्र १३४ ने. राज्याच्या सीमेची या अंकांना पर्वा नाही, पत्र कुठल्या वाटेनं जाणार याची आहे. वेलणकरांनी देशाची वाटणी पत्र हाताळणाऱ्याच्या बाजूनं केली. एररची वाटणीही तशीच का नसावी?

याच्या उलट काय होतं ते एरियान ५ च्या पहिल्या उड्डाणात दिसलं. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून ते रॉकेट निघालं. दिशादर्शक यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून तसंच आणलेलं होतं. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसेना. एरर उठली. तिला व्यवस्थित नाव होतं, 'ऑपरंड एरर'. ती नोंदलीही गेली. मात्र अशा वेळी प्रोसेसर थांबवायचा, असा नियम आधीच ठरलेला होता. राखीव यंत्रणा त्याच कारणानं क्षणभर आधी बंद पडली होती. तिनं निदानासाठी पाठवलेली माहितीच मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती समजून वापरली, आणि सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. का अडलं याचं उत्तर त्या यंत्रात होतं. काय करायचं याचं उत्तर जमिनीवरच्या संगणकाला शोभणारं होतं, आकाशातल्या रॉकेटला नाही.

मग मी बाजू बदलली. कारणांचा एनम खासगी केला आणि बाहेर फक्त प्रश्न ठेवले: पत्ता पुन्हा विचारायचा का? शहर कोणतं ते विचारायचं का? नंतर प्रयत्न करायचा का? 'रिक्वेस्ट' हे प्रसिद्ध क्रेटही असंच करतं. त्याच्या एररला तुम्ही विचारता की वेळ संपल्यामुळे अडलं का, जोडणी झाली नाही म्हणून अडलं का. आतले प्रकार वाढले तरी बाहेरच्याला काही बदलावं लागत नाही. सार्वजनिक एनममध्ये नवा प्रकार घातला की एकेक प्रकार मोजणारे सगळे मॅच मोडतात. त्यावर 'नॉन-एक्झॉस्टिव्ह' ही खूण डिसेंबर २०१९ पासून भाषेत आहे, पण ती 'पुढे आणखी येतील' म्हणून उरलेल्यांसाठी एक फांदी ठेवायला लावते, एवढंच.

अडचण राहिली ती सेक्टर १३ ची. चंदीगडच्या मूळ आराखड्यात हा क्रमांकच वगळलेला होता. दशकानुदशकं तो पत्ता अशक्य होता आणि तो नाकारणारा प्रोग्रॅम बरोबर होता. २०२० मध्ये चंदीगडच्याच मणिमाजरा भागाला सेक्टर १३ हे नाव मिळालं. आता जुनी यादी बाळगणारा प्रोग्रॅम तिथल्या रहिवाशाला पत्ता पुन्हा लिहायला सांगतो, तो तेच लिहितो, आणि पुन्हा तेच उत्तर येतं. इथं कृती करायची आहे ती लिहिणाऱ्यानं नव्हे, आम्ही. 'यादीत नाही' आणि 'असूच शकत नाही' यांना मी एकाच उपायाखाली आणलं होतं, ते पुन्हा वेगळे करावे लागले. दुसऱ्यात पत्ता परत विचारायचा. पहिल्यात तो आहे तसा स्वीकारायचा आणि यादी सांभाळणाऱ्या माणसाकडे पाठवायचा.