विसरलेले दुःख कोणाचे ?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या आप्तांस बहुधा एक आश्वासन मिळते : "त्यांना काही कळणार नाही, काही आठवणारही नाही." ऐकणाऱ्याचे समाधान होते व तो संमतिपत्रावर सही करतो. परंतु 'कळणार नाही' आणि 'आठवणार नाही' ही दोन वाक्ये एकाच अर्थाची आहेत काय, हे त्या घटकेस कोणी विचारीत नाही. वस्तुतः या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन याने एका रुग्णास ईथरची वाफ हुंगविली आणि वॉरन या शल्यवैद्याने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. जाहीररीत्या दाखविलेला भुलीचा हा प्रयोग यशस्वी म्हणून जगभर गाजला. रुग्णाने मात्र नंतर सांगितले ते असे की, वेदना झाली नाही, तथापि मान कोणी खरडीत असल्यासारखे वाटत होते. जाणीव आणि वेदना यांची फारकत त्या पहिल्याच दिवशी अशी उघड झाली होती.

आज वापरली जाणारी प्रोपोफॉल, मिडॅझोलाम यांसारखी औषधे मेंदूतील 'गाबा' या शामक द्रव्याचा प्रभाव वाढवितात. त्यामुळे मज्जापेशींची परस्परांतील देवघेव मंदावते. यात विशेष हे की, शुद्ध हरपण्यास जेवढी मात्रा लागते, तीहून पुष्कळ कमी मात्रेत नवी आठवण साठविण्याची शक्ती नाहीशी होते. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंस, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग आहे. घडलेल्या प्रसंगाची टिकाऊ आठवण होण्यास त्याची आवश्यकता असते. १९५३ साली अमेरिकेतच हेन्री मोलेसन या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढण्यात आला. तो २००८ पर्यंत जगला; बोलत असे, विनोद करीत असे, पूर्वीचे पुष्कळसे त्याला स्मरत असे; परंतु थोड्या वेळापूर्वी कोण भेटून गेले ते त्याला सांगता येत नसे. मोलेसनची जी स्थिती जन्मभर झाली, तीच मिडॅझोलाम काही तासांपुरती आणते. ते घेतलेला मनुष्य प्रश्नास उत्तर देतो, सांगितल्यास कूस बदलतो, दुखल्यास कण्हतो. दुसऱ्या दिवशी त्यातील काहीच त्याच्यापाशी नसते. कुळकर्णी गावी नव्हता म्हणून वहीत नोंद झाली नाही; व्यवहार मात्र झाला होता.

याहून विलक्षण गोष्ट १९७७ साली ब्रिटनमध्ये टन्स्टॉल या वैद्याने योजिलेल्या रीतीने कळून आली. स्नायू शिथिल करणारे औषध देण्यापूर्वी एका बाहूवर पट्टा आवळावा, म्हणजे तेवढा हात हलता राहतो. मग रुग्णाचे नाव घेऊन हात दाबण्यास सांगावे. निश्चल दिसणाऱ्या काही रुग्णांनी हात दाबला. जागे झाल्यावर त्यांतील बहुतेकांस काहीही आठवत नव्हते.

वेदान्ताच्या अभ्यासकास येथे थांबणे भाग आहे. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य आपण सुखाने निजलो असे सांगतो. अनुभवावाचून स्मरण संभवत नाही. म्हणून सुषुप्तीतही साक्षी होता, असा आपल्या आचार्यांचा युक्तिवाद. नैयायिक म्हणतात, हे स्मरण नव्हे, अनुमान आहे. भुलीतून उठलेल्या कित्येकांस तर सुखाने निजल्याचीही प्रतीती नसते. डोळे मिटले नि लगेच उघडले, एवढेच ते सांगतात. मग साक्षी कोठे गेला? ही अडचण खरी आहे, ती टाळू नये. परंतु ब्रह्मसूत्रांनी मूर्च्छेस सुषुप्तीत मोडलेले नाही. शंकराचार्यांनी दोहोंची लक्षणे निरनिराळी सांगितली : निजलेल्याचा श्वास संथ व चर्या प्रसन्न, हात लावताच तो उठतो, मूर्च्छितास मुद्गराने मारले तरी जाग येत नाही. भूल ही मूर्च्छेच्या कोटीतील, तेव्हा सुषुप्तीचा दाखला तिला जसाच्या तसा लावणेच चूक. शिवाय युक्तिवाद स्मरणावरून अनुभवाकडे जातो. स्मरण नाही म्हणून अनुभवही नव्हता, असे उलट अनुमान त्यातून निघत नाही. हात दाबणाऱ्या रुग्णांनी नेमके हेच दाखविले. याने आत्मा सिद्ध झाला असे म्हणण्याची घाई कित्येक प्रवचनकार करतात, ती मात्र व्यर्थ होय. सिद्ध एवढेच झाले की, स्मृती ही अंतःकरणाची वृत्ती असून द्रव्याने ती पुसली जाते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी स्मृती व ज्ञान यांच्याबरोबर त्यांचे अपोहनही आपल्यापासूनच होते असे सांगितले आहे, ते येथे ध्यानी घ्यावे. विस्मरण हेही त्याच्याच सत्तेत घडते. पण ज्याचे विस्मरण झाले ते घडलेच नव्हते, असा त्याचा अर्थ नव्हे.

यावरून गृहस्थाच्या कर्तव्याचा प्रश्न येतो. मिडॅझोलामच्या अंगी वेदना शमविण्याचा गुण नाही. त्यासाठी फेंटानिलसारखे निराळे औषध द्यावे लागते, आणि दक्ष भूलतज्ज्ञ ते देतातच. तरीही वडिलांस शस्त्रक्रियेस नेणाऱ्या मुलाने, त्यांना आठवेल काय, एवढेच विचारून न थांबता, वेदनेसाठी काय योजिले आहे, हेही विचारावे. २०१४ साली ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत संपूर्ण भुलीत जाग आल्याची तक्रार सुमारे १९,००० मध्ये एकाने केल्याचे आढळले. आकडा दिलासा देणारा आहे. मात्र ज्यांस आठवले तेच यात मोजले गेले. ज्यांस दुखले आणि आठवले नाही, ते कोणत्याच वहीत नाहीत. त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियागृहातील मनुष्याचे वर्तन केवळ त्याच्या धर्मबुद्धीवर सोपविलेले असते. मेजावर निजलेल्याच्या देहाविषयी थट्टा करणारा सहायक त्याला काही कळत नाही असे समजतो. ते त्याला कशावरून कळले?

आणि हे शस्त्रक्रियागृहापुरतेच नाही. घरोघरी आज स्मृती गेलेले वृद्ध आहेत. त्यांच्यावर कोणी खेकसतो, कारण घटकाभराने ते विसरणारच असतात. कोणी भेटीस येण्याचे टाळतो, कारणही तेच. एखादा मुलगा मात्र रोज सकाळी आईजवळ येऊन बसतो. दुपारी ती शेजारणीस सांगते की मुलगा महिनाभर फिरकला नाही. सकाळी त्याने बशीत ओतून दिलेला ऊन चहा ती हसत हसत प्यालेली असते.