पत्त्यांच्या डावाचा दशांश

दिवाळी आली की माळव्यात पत्ते बाहेर पडतात, आणि इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा त्याला अपवाद नाही. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव धारण करणारे हे गाव दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट युद्धासाठी दूरवर ठाऊक आहे. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीचा कलंगी हे दोन पक्ष दारू ठासलेली हिंगोटाची फळे पेटवून एकमेकांवर फेकतात. त्यात माणसे भाजतात, म्हणून त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण तेथे कोणी पैसा जिंकत नाही व कोणाचा पैसा जात नाही. पत्त्यांच्या फडात मात्र उजाडेपर्यंत एकाचा बोनस दुसऱ्याच्या खिशात गेलेला असतो.

तेथील एका ख्रिस्ती घरी एका तरुणाने आम्हांस सरळ विचारले, "काका, क्रिकेटवाल्याने चेंडू मारून पैसे मिळवले तर चालतात, मग पोकरवाल्याने डोके लढवून मिळवले तर पाप कसे?"

प्रश्न टाळण्याजोगा नाही. पोकर हा आपल्या तीन पत्तीचा भाऊबंदच. पाने नशिबाने येतात. पण डाव केव्हा सोडावा, रक्कम केव्हा वाढवावी, समोरच्याच्या मनात काय आहे, हे शिकावे लागते, आणि हजारो डावांच्या हिशेबात बहुधा शिकलेलाच पुढे राहतो. कायद्यानेही कौशल्याला पुष्कळ मान दिला. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला. 2018 साली पोकर खेळाडू मुस्कान सेठी यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही.

नशीब हेच पाप, असे आम्हांस वाटत नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. मग दोष कोठे आहे?

जेरी यांग यांची हकिगत पाहा. लाओसमध्ये जन्मलेले, थायलंडच्या निर्वासित छावणीतून अमेरिकेत आलेले हे गृहस्थ पेशाने मानसोपचार व समाजसेवेच्या क्षेत्रातले, सहा मुलांचे वडील आणि श्रद्धावंत ख्रिस्ती. 2007 साली लास वेगास येथील पोकरच्या जागतिक स्पर्धेत ते शेवटच्या दोघांत आले. समोर होते तुआन लॅम, व्हिएतनाममधून निर्वासित होऊन कॅनडात स्थायिक झालेले. यांग यांच्याकडे अठ्ठ्यांची जोडी, लॅम यांच्याकडे एक्का व राणी. (पत्त्यांची नावे आम्हांस ठाऊक आहेत याचे नवल वाटू नये, लग्नघरी कोण खेळत नाही?) टेबलावर राणी उघडली आणि लॅम पुढे गेले. यांग सर्वांदेखत मोठ्याने प्रार्थना करीत होते. मग सत्ती पडली, अखेरचे पान छक्की निघाले, आणि यांग यांची पाचपासून नऊपर्यंत सलग पाने जुळली. साडेब्याऐंशी लक्ष डॉलर!

दोन निर्वासित, एक छक्की. ती छक्की प्रार्थनेचे उत्तर मानावी, तर पलीकडच्या माणसाला देवाने काय उत्तर दिले? आमचे मन येथे अडते.

त्या स्पर्धेत 6,358 जणांनी प्रत्येकी 10 हजार डॉलर भरले. बक्षिसे 621 जणांना मिळाली. उरलेले 5,737 रिकाम्या हाताने उठले. जमलेल्या सुमारे 6 कोटी 36 लक्षांपैकी सुमारे 5 कोटी 98 लक्षच वाटले गेले. उरलेली रक्कम म्हणजे आपल्याकडचा अड्डेवाला जी 'नाल' कापतो तीच. म्हणजे टेबलाभोवती नवे काही निपजत नाही, होते त्यातून उलट थोडे कमी होते. कापडवाला नफा घेतो, पण गिऱ्हाईक लुगडे घेऊन घरी जाते. यांग यांनी पुढे उपाहारगृह काढले. तेथे पैसे देणारा निदान जेवून उठतो.

कोणी म्हणेल, सारे राजीखुशीने बसले होते. खरे आहे. पण येथेच त्या तरुणाचा मुद्दा आम्हांस उलटा दिसतो. क्रिकेटवाल्याला प्रेक्षक खेळ पाहण्याचे पैसे देतो. पोकरचा धंदेवाईक खेळाडू समोरच्याच्या चुकीवर जगतो. केवळ नशीब असते तर आज तो, उद्या मी. कौशल्य आले की कमी जाणणाऱ्याचे नुकसान जवळजवळ ठरलेले, आणि पोट भरायचे तर असाच माणूस रोज शोधावा लागतो. जे कौशल्य न्यायालयात निर्दोष ठरवते, तेच विवेकापुढे ओझे वाढवते. शोधणाऱ्याचेही सदा भले होते असे नाही. स्टू अंगर यांच्याइतका कुशल खेळाडू क्वचितच झाला. 1980, 1981 व 1997 अशी तीनदा तीच स्पर्धा जिंकून 1998 साली, 45 व्या वर्षी, लास वेगासच्या एका मोटेलात ते मृत आढळले.

यांग यांचा हेतू आम्ही हलका लेखत नाही. जिंकलेल्या रकमेचा दशांश त्यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देऊ केला. 2013 साली थकलेल्या करापायी कर खात्याने त्यांचे विजेतेपदाचे कडे लिलावात काढले, ते दुःखच. तीस रुपये परत आले तेव्हा मुख्य याजकांनी ते भांडारात घेतले नाहीत, परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले. आजारी लेकराच्या औषधाचा पैसा परत करा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. पण असा दशांश आमच्या मंडळीच्या पंचांपुढे आला, तर पावती फाडण्याआधी आम्ही देणाऱ्याला विचारू की टेबलाच्या पलीकडे कोण बसले होते, आणि ते घरी काय घेऊन गेले.