घरचा हिशेब आणि विक्रयाचा धर्म

घरखर्चाचा मेळ लावण्यासाठी एखाद्या गृहस्थाने किंवा गृहिणीने स्वतःपुरते तयार केलेले साधन, मग ती वहीतील आखणी असो वा संगणकावरचा तक्ता, विक्रीस आणणे धर्माला धरून आहे का, हा प्रश्न वरवर व्यापाराचा वाटतो. परंतु घरच्या हिशेबात रकमांबरोबर त्या घराचे संकल्प, उणिवा आणि गुपितेही नोंदलेली असतात, आणि म्हणून त्याचा विचार नीतिशास्त्राच्या अंगानेच करावा लागतो.

सुरतेत हा प्रश्न विशेष ठळकपणे समोर येतो. येथे दिवाळीत चोपडापूजन होते, म्हणजे नव्या वर्षाच्या हिशेबवहीवर कुंकवाने स्वस्तिक काढून, ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहून तिची पूजा केली जाते, आणि अलीकडे वहीच्या शेजारी संगणकही मांडला जातो. पुढे कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे लाभपंचमीला, व्यवहार पुन्हा सुरू होतात. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि मराठी घरात चोपड्याचे काम बहुधा भिंतीवरचे कॅलेंडर करते: दूध न घेतलेल्या तारखेवर फुली, गॅसचा सिलिंडर लावला त्या तारखेभोवती वर्तुळ, भिशीच्या दिवशी हप्त्याचा आकडा. यंत्रमागावर मीटरप्रमाणे किंवा हिऱ्यांच्या कारखान्यात नगाप्रमाणे मजुरी मिळणाऱ्या घराला बांधीव मासिक उत्पन्न नसते, आणि दिवाळीच्या लांब सुट्टीत तर कामच थांबते. त्यामुळे अशा घराला उपयोगी पडणाऱ्या तक्त्यात, भरल्या आठवड्यातून रिकाम्या आठवड्यासाठी रक्कम बाजूला काढण्याचा रकाना आधी लागतो, जो पहिल्या तारखेच्या पगारावर बेतलेल्या साधनात सहसा नसतो. असा तक्ता शेजारी मागतो, शेजाऱ्याचे नातेवाईक मागतात, आणि तो द्यावा की विकावा हा विचार तेथून सुरू होतो.

विक्रयाविरुद्धचा आक्षेप हलका नाही. जैन परंपरेत श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाण हे आहे. आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा स्वतः ठरवून ती पाळणे, असा त्याचा अर्थ, आणि या दृष्टीने घरचा हिशेब हे व्रताचेच साधन ठरते. संत एकनाथांविषयी परंपरेने सांगितलेली कथाही येथे आठवते: देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम करीत असताना एका पैची चूक रात्रभर शोधून सापडल्यावर त्यांना झालेला आनंद पाहून गुरूंनी, हीच एकाग्रता ईश्वराकडे लावावी, असा बोध केला. हिशेब येथे चित्ताची परीक्षा आहे. शिवाय मनुस्मृतीत भृतकाध्यापक, म्हणजे वेतन ठरवून वेद शिकवणारा, श्राद्धाला वर्ज्य मानला आहे. ज्ञान हे देण्याची वस्तू आहे, मोलाने विकण्याची नाही, ही भावना त्यामागे आहे.

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी विक्रीत नेमके काय दिले जाते हे पाहावे लागते. संयम कोणालाही विकता येत नाही, आणि जमा-खर्चाची पद्धत तर कोणा एकाची नाहीच. मात्र एका घराला कळणारा तक्ता हजार अनोळखी घरांना कळेल असा करणे, त्यातील चुका शोधणे, तो वर्षानुवर्षे चालता ठेवणे, हे स्वतंत्र श्रम आहेत. गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या व्यवसायाच्या नोंदी ठेवणारी मनाजोगती संगणकप्रणाली मिळाली नाही, तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे पुत्र भरत यांनी ती लिहिली, आणि 1986 मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगातूनच पुढे देशभरातील दुकानांत पोहोचलेली ‘टॅली’ उभी राहिली. अमेरिकेत जेसी मीचम यांनी स्वतःच्या संसारासाठी आखलेला तक्ता 2004 मध्ये विक्रीस आणला, त्याची कथा याच जातीची आहे. घरात अडलेली गरज खरी असल्यामुळेच अशी साधने परक्यांच्या उपयोगी पडतात, आणि त्या उपयोगासाठी घेतलेले मोल हे श्रमाचे मोल असल्याने त्यात दोष दिसत नाही.

दोष जेथे शिरू शकतो ती जागा धर्मशास्त्राने फार पूर्वी दाखवली आहे. मनुस्मृतीत अठरा व्यवहारपदे, म्हणजे वादाचे विषय, सांगितली आहेत. त्यांत दुसरे निक्षेप, तिसरे अस्वामिविक्रय आणि चौथे संभूयसमुत्थान. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव, जी राखणाऱ्याने स्वतःसाठी वापरायची नसते. अस्वामिविक्रय म्हणजे आपल्या मालकीचे नसलेले विकणे. संभूयसमुत्थान म्हणजे अनेकांनी मिळून केलेला उद्योग आणि त्यातील वाटणी. हिशेबाचे साधन विकत घेणारे कुटुंब त्यात औषधांचा खर्च, कर्जाचे हप्ते, माहेरी पाठवलेले पैसे नोंदवते, तेव्हा विक्रेत्याकडे ते एक निक्षेप ठेवत असते. साधन विक्रेत्याचे असले तरी त्यात भरलेले जीवन त्याचे नसते. ती माहिती तिसऱ्याला विकणे हा अस्वामिविक्रयच होय. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या संबंधाला कायद्याची चौकट दिली, पण त्यामागची जाणीव जुनी आहे: मालकाची वही मुनीम सांभाळत असला, तरी वहीतली गोष्ट पेढीबाहेर नेण्याचा अधिकार त्याला नसतो. चौथे पद तर घरातच लागू पडते. ज्या आईने किंवा पत्नीने वर्षानुवर्षे कॅलेंडरवर फुल्या मारल्या, तिच्या नोंदींवर तक्त्याचे रकाने उभे असतील, तर उत्पन्नात आणि श्रेयात तिचा वाटा मान्य करणे हे औदार्य नसून न्याय आहे.

यातून आणखी एक विचार निघतो, आणि तो ‘द्यावे की विकावे’ या मूळ प्रश्नाकडे परत नेतो. फुकट देणे नेहमीच दान नसते. अमेरिकेतील ‘मिंट’ ही घरखर्चाची सेवा 2024 मध्ये बंद होईपर्यंत मूळ सेवेसाठी वापरणाऱ्यांकडून मोल घेत नव्हती. तिचे उत्पन्न मुख्यतः वित्तसंस्थांची कार्डे आणि कर्जे सुचवण्यातून येई. ज्या साधनाकडे मनुष्य खर्च आवरण्यासाठी जातो, त्याचेच पोट त्याच्या नव्या कर्जावर भरत असेल, तर घेणाऱ्याच्या संकल्पाला ते साधन आतून विरोध करते. दान तेच, ज्यात देणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या वहीवर नसते. ते जमत नसेल, तर आधी सांगून घेतलेली रास्त किंमत अधिक शुद्ध, कारण किंमत चुकती झाली की विक्रेत्याला त्या घराकडून आणखी काही घेण्याचे कारण उरत नाही.

चोपड्यावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे शब्द जोडीने लिहिले जातात, आणि घरचा हिशेब विकणाऱ्याला त्या जोडीचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो: त्याच्या वहीतील लाभ तेव्हाच शुभ, जेव्हा ज्याच्यासाठी साधन घेतले त्या घराचा रिकामा आठवडा उसनवारीवाचून निभावतो.