सगळ्यांचं एकच चुकलं कसं?

मोबाईल पालथे ठेवा सगळ्यांनी. मागच्या बाकावरच्यांनीही. आज शिकवायच्या आधी बोलणार आहे, आणि तुम्ही ऐकून घेणार आहात.

काल रात्रीच्या ऑनलाइन क्विझचा निकाल माझ्यासमोर आहे. वीस प्रश्न, अर्धा तास. पहिल्या मुलीने पूर्ण वेळ घेऊन क्विझ दिली. तिचं संपलं आणि पुढच्या पंधरा मिनिटांत उरलेल्या सगळ्यांची उत्तरं आली. पोर्टलवर उघडल्याची आणि पाठवल्याची, दोन्ही वेळा दिसतात, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. काहींनी चार मिनिटांत उरकलंय. चार मिनिटांत ते वीस प्रश्न नुसते वाचूनही होत नाहीत.

आणि सातवा प्रश्न सगळ्यांचा चुकला. चुकला तोही एकसारखा. बाटली यू-१०० ची, हाताशी सिरिंज फक्त यू-४० ची, ऑर्डर १० युनिट. सिरिंजवरच्या १० च्या खुणेपर्यंत भरून दिलं, तर पेशंटला किती युनिट गेले? सगळ्यांनी लिहिलं: ४.

आता कागद काढा आणि करा. यू-४० सिरिंजवर १० ची खूण म्हणजे ०.२५ मिली. यू-१०० च्या बाटलीत १ मिलीत १०० युनिट. म्हणजे गेले २५. ऑर्डरच्या अडीच पट. ४ हे उत्तर कधी येतं? बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची असेल तेव्हा. पहिल्या मुलीने गणित उलट्या बाजूने केलं. तिचं कुठे अडलं ते मला दिसतं, ते मी पाच मिनिटांत सोडवून देईन. उत्तरं ग्रुपवर टाकल्याबद्दल तिच्याशी वेगळं बोलेन. पण तुमचं काय सोडवू? तुम्ही विचारच केलेला नाही. तुमच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही, हे कळायला माझ्याकडे क्विझ हा एकच मार्ग होता, आणि तोही तुम्ही एका स्क्रीनशॉटसाठी बंद केलात.

हा प्रश्न मी पुस्तक उघडून सहज काढलेला नाही. आपल्याकडे ४० ची बाटली आणि १०० ची बाटली, दोन्ही चालतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. रात्रीच्या ड्यूटीला दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात. जेवणाआधी दिलेलं साधं इन्सुलिन दोन-तीन तासांनी ऐन जोरात येतं, तेव्हा वॉर्डात निजानीज झालेली असते. पांघरुणाखाली पेशंटला दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, तो काहीतरी असंबद्ध पुटपुटतोय. पलीकडच्या खाटेवरच्याला वाटतं, झोपेत बरळतोय. ग्लुकोमीटर घेऊन तिथे जायचं तुम्हाला सुचलं नाही, तर सकाळी त्याच्या घरच्यांना तोंड कोण देणार आहे? ग्रुपमध्ये उत्तर टाकणारी मुलगी?

इथे चुकलात तर फक्त लाल खूण येते. म्हणून तर मी अवघड प्रश्न घालते. इथे खुशाल चुका, दहादा चुका, मला येऊन विचारा. अख्ख्या नर्सिंगमध्ये एवढी मोकळीक तुम्हाला पुन्हा कुठे मिळणार नाही, आणि ती तुम्ही इंटर्नलच्या दोन गुणांसाठी फुकट घालवताय.

आता केस स्टडी. एका फाइलमध्ये ६२ वर्षांचा पुरुष पेशंट आहे आणि त्याच्या माहितीत शेवटच्या पाळीची तारीख आहे. हसू नका. लिहिणाऱ्याने सीनियरच्या फाइलमधलं उतरवताना एकदाही वाचलं नाही, आणि खाली सही ठोकून मोकळा झाला. उद्या असाच न वाचता ट्रीटमेंट शीट उतरवणार का?

दुसऱ्या फाइलमधलं इंग्रजी फारच झकास आहे. चॅटजीपीटीचं आहे, विचारायची गरजच नाही. हृदयविकाराचा झटका, छातीत तीव्र वेदना, डाव्या हातात पसरणारी. सगळं पुस्तकाबरहुकूम. त्या आजी अजून वॉर्डात आहेत, म्हणून मी संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "छातीत कुठं दुखत होतं? मळमळलं, घाम सुटला, जबडा ठणकायला लागला. म्हटलं पित्त झालं असंल." पित्ताची गोळी घेऊन पहाटेपर्यंत घरीच पडून होत्या. बारा वर्षांची साखर आहे त्यांना. मधुमेहात नसा बधिर होतात, मग झटक्यातही छातीत कळ येईलच असं नाही, हे मी वर्गात फळ्यावर लिहून सांगितलं होतं. तेच जिवंत उदाहरण तुमच्यासमोर खाटेवर होतं आणि तुम्ही त्यांच्याऐवजी मोबाईलला विचारलंत. गुरुवारी त्यांचा कडक उपास असतो. उपासाच्या दिवशीही त्या साखरेची गोळी घेतात आणि दुपारी डोळ्यांसमोर अंधारी येते. हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. तुमच्या केअर प्लॅनमध्ये आहे का ते? आहार सल्ला म्हणून तुम्ही 'कमी मीठ, कमी चरबी' लिहून मोकळे झालात. त्या उद्या घरी जातील आणि येत्या गुरुवारी पुन्हा उपाशीपोटी गोळी घेतील.

आणखी एक. एकाही फाइलमध्ये श्वासाचा आकडा २० सोडून दुसरा नाही. दम्याचा पेशंट, श्वास २०. ऑपरेशन होऊन आलेला, श्वास २०. नाडी मशीन सांगतं. श्वास मात्र घड्याळ धरून, छातीकडे बघत, मिनिटभर स्वतः मोजावा लागतो, म्हणून तो कोणी मोजत नाही. पुढच्या टर्मला लेबर रूम आहे. झटके येऊ नयेत म्हणून बाईला मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, तेव्हा पुढचा डोस द्यायचा की थांबवायचा हे तीन गोष्टींवर ठरतं: गुडघ्याचा झटका आहे का, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का, आणि श्वास मिनिटाला १६ च्या खाली तर गेला नाही ना. तिथे हात सवयीने '२०' लिहून गेला, तर श्वास ९ वर आलेल्या बाईला तुम्ही पुढचं इंजेक्शन द्याल. कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्येच असेल, पण ते उचलायची वेळ आलीय हे तुम्हाला कळणारच नाही.

तुमची कारणं मला पाठ आहेत. सकाळची ड्यूटी, दुपारी लेक्चर, हॉस्टेलला नेटवर्क नाही. ड्यूटी जड आहे हे खरं आहे. मुदत कमी पडत असेल तर प्रतिनिधीने येऊन सांगायचं, मी वाढवून देईन. आजवर नाही म्हटलेलं नाही. इंग्रजी जड जातं, हेही खरं आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना तर फारच. मग माझ्याकडे मराठीत घेऊन या. मोडकंतोडकं लिहा, मी दुरुस्त करीन. इंग्रजी कच्चं म्हणून मी कोणाला नापास केलेलं नाही. आणि तुमचे पेशंट काय इंग्रजीत बोलतात? 'कसंतरीच होतंय', 'पोटात गोळा उठतो', 'जीव घाबरा होतो', हे ऐकून त्यातलं काय गंभीर आणि काय नाही हे ओळखणं, यातच तुमचं निम्मं काम आहे. ते तुम्हाला माझ्याहून चांगलं जमेल, कारण तुमच्यातले बरेच जण त्याच गावांतून आलेले आहेत.

तुम्ही ढ असतात तर मी एवढी चिडले नसते. गेल्या महिन्यात रात्री ड्रिपचे थेंब फार भरभर पडताहेत हे यातल्याच एका मुलाच्या लक्षात आलं होतं. त्याने सेटच्या पाकिटावर २० थेंबांना १ मिली हे वाचलं, ५०० मिली आठ तासांत म्हणजे मिनिटाला २१ थेंब हे जागेवर हिशोबलं आणि स्टाफला उठवलं. त्याच मुलाने काल सातव्या प्रश्नाला ४ लिहिलंय. त्याला येत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

कालची क्विझ रद्द. उद्या दुपारी डेमो रूममध्ये, एकेकाने आत यायचं; माझ्यासमोर बाटली, सिरिंज आणि कागद असेल. केस स्टडी सगळ्यांच्या परत जातील. शुक्रवारी जमा करताना पेशंटजवळ बसून घेतलेल्या कच्च्या नोंदी मागे जोडायच्या: पेशंटचे शब्द तो बोलला तसेच, मराठीत, आणि मोजलेल्या श्वासाशेजारी मोजल्याची वेळ. कच्च्या नोंदी नसतील ती फाइल मी उघडणार नाही.

चला, वह्या काढा.